खंडाळ्याचा चढ आणि धुराचं तापमान

न्हावा शेवा बंदरातून कंटेनर उचलून चाकण किंवा तळेगावच्या एमआयडीसीकडे निघालेला ट्रेलर खोपोली मागे टाकून घाटाला लागतो, तेव्हा मुरलेला ड्रायव्हर एक गोष्ट हमखास करतो. गाडीत अजून दम शिल्लक असतानाच तो गिअर उतरवतो. आरपीएमचा काटा १४०० वरून २००० च्या आसपास जातो, इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी सावकाश, पण एका लयीत चढू लागते. केबिनमध्ये शेजारी बसलेल्या नवख्याला वाटतं, इंजिन इतकं ओरडतंय म्हणजे तापणारच. त्यापेक्षा वरच्या गिअरमध्ये, कमी आवाजात, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून गाडी नेली तर इंजिनाला त्रास कमी होईल, डिझेलही वाचेल.

घडतं याच्या नेमकं उलट. शांतपणे, दबक्या आवाजात चढणाऱ्या इंजिनातून बाहेर पडणारा धूर जास्त तापलेला असतो आणि ओरडणाऱ्या इंजिनाचा कमी. ज्यांनी इंजिनाची ताकद वाढवून घेतली आहे, म्हणजे पंप वाढवला आहे किंवा रिमॅप केलं आहे, त्यांच्या बाबतीत हा फरक इंजिन टिकणार की बसणार हे ठरवतो.

पंचावन्न टन वर चढवायचे म्हणजे

खोपोली समुद्रसपाटीपासून साठ-सत्तर मीटरवर आहे आणि लोणावळा सुमारे ६२० मीटरवर. म्हणजे दहा-बारा किलोमीटरांच्या चढात साडेपाचशे मीटर उंची गाठायची. २०१८ मध्ये केंद्राने आसांवरच्या वजनाच्या मर्यादा वाढवल्या. त्यानंतर घोडा (म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) आणि ट्रेलर मिळून ५५ टनांपर्यंत वजन कायदेशीरपणे रस्त्यावर येऊ शकतं. हे ५५ टन साडेपाचशे मीटर वर उचलायला, टायरचं घर्षण आणि वाऱ्याचा विरोध बाजूला ठेवला तरी, ८० युनिटांहून जास्त ऊर्जा लागते. एक लिटर डिझेल जळलं की साधारण १० युनिट उष्णता सुटते, पण चाकापर्यंत त्यातली जेमतेम चार युनिटं पोचतात. म्हणजे नुसत्या उचलण्यालाच वीसेक लिटर डिझेल गेलं.

आता वेगाचा हिशेब करू. टाटा सिग्ना ५५३०.एस या ५५ टनी ट्रेलरच्या घोड्याला ६.७ लिटरचं, ३०० अश्वशक्तीचं कमिन्स इंजिन येतं. १०० मीटरला ५ मीटर असा चढ धरला, तर हे इंजिन पूर्ण ताकदीने चालवूनही गाडी ताशी वीस-बावीस किलोमीटरच्या वर जात नाही. म्हणजे घाट संपेपर्यंत अर्धा तास इंजिनाला एका क्षणाचीही उसंत नाही. सपाटीवर ओव्हरटेक करताना लागणारा पूर्ण जोर दहा-वीस सेकंदांचा असतो. इथे तो तीस मिनिटांचा आहे, आणि यापुढचं सगळं या तीस मिनिटांभोवती फिरतं.

शेजारून जाणाऱ्या रेल्वेने आपल्यापुरता या प्रश्नाचा तोडगा काढला आहे. याच बोरघाटातून १८६३ मध्ये रेल्वे सुरू झाली. ३७ फुटांना १ फूट असा तिथला चढ आहे, आणि आजही कर्जतला अनेक गाड्यांच्या मागे ढकलायला बँकर इंजिनं जोडतात. रस्त्यावर अवाढव्य ट्रान्सफॉर्मर किंवा यंत्रं नेतानाही एक घोडा पुढून ओढतो आणि दुसरा मागून रेटतो. रोजच्या कंटेनरला मात्र असा सोबती मिळत नाही. सगळा भार एकाच इंजिनावर असतो.

जाळ तोच, पाणी किती?

डिझेल जळून सुटणाऱ्या उष्णतेचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग कामी येतो. उरलेल्यातला मोठा वाटा, म्हणजे एकूण उष्णतेच्या साधारण एक तृतीयांश, सायलेन्सरवाटे बाहेर जातो. बाकीची उष्णता रेडिएटरचं पाणी, ऑइल आणि इंजिनाचा पत्रा घेऊन जातात.

बाहेर जाणाऱ्या धुराचं तापमान किती राहील, हे ती उष्णता किती हवेत वाटली जाते यावर ठरतं. एकाच जाळावर तांब्याभर पाणी ठेवलं तर ते दोन मिनिटांत उकळतं आणि हंडाभर ठेवलं तर तेवढ्याच वेळात जेमतेम कोमट होतं. इंजिनात जाळ म्हणजे डिझेल आणि पाणी म्हणजे हवा.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचं प्रमाण जवळपास ठरलेलं असतं. डिझेल इंजिनाचं तसं नाही. ते दर फेरीला छातीभर हवा ओढतं आणि ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटरने फक्त डिझेल किती जायचं ते ठरवतो. १ किलो डिझेल पुरतं जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. गाडी नुसती चालू ठेवून उभी असली तर तिला याच्या कितीतरी पट हवा मिळते, म्हणून तेव्हा धूर दीडशे-दोनशे अंशांच्या आतच असतो. पूर्ण भाराखाली हे प्रमाण १ किलोला २५ किलो, २० किलो, १८ किलो असं उतरत जातं. ढोबळ हिशेब करून पाहिला तर २५ किलो हवेला धुराचं तापमान साडेपाचशे अंशांच्या घरात येतं. डिझेल तेवढंच ठेवून हवा १८ किलोवर आणली की तेच सातशेच्या पुढे जातं. ताकद तेवढीच, डिझेल तेवढंच, आणि तापमानात दीडशे अंशांचा फरक. हवा आणखी कमी पडली तर डिझेल पुरतं जळत नाही आणि काळा धूर निघतो. चढावर काळा धूर मारणारी गाडी पाहून लोक म्हणतात, ‘काय जोर लावतेय!’ खरं तर तिला हवा पुरत नसते.

खालचा गिअर थंड कसा?

चार स्ट्रोकचं ६.७ लिटरचं इंजिन दर दोन फेऱ्यांना ६.७ लिटर हवा आत घेतं. १४०० आरपीएमला ही हवा मिनिटाला सुमारे ४,७०० लिटर होते आणि २१०० ला सुमारे ७,०००. टर्बो ही हवा दाबून भरतो, त्यामुळे वजनाने ती आणखी वाढते. शिवाय फेऱ्या वाढल्या की टर्बोकडे जाणारा धूरही वाढतो आणि टर्बोचा दाब टिकून राहतो. चढाला लागणारी ताकद मात्र दोन्ही गिअरमध्ये जवळपास सारखीच असते, कारण गाडीचं वजन आणि वेग तोच आहे. मग तेवढंच डिझेल दीडपट हवेत जळतं, आणि धूर थंड होतो.

दुसरीही एक गोष्ट घडते. वरच्या गिअरमध्ये तेवढीच ताकद कमी फेऱ्यांतून काढायची तर दर फेरीला जास्त डिझेल फवारावं लागतं. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंग यांच्यावरचा दाब वाढतो. खालच्या गिअरमध्ये तेच काम जास्त, पण हलक्या धक्क्यांत विभागलं जातं. पाण्याचा पंप वेगाने फिरतो, रेडिएटरचा पंखाही जास्त वारा ओढतो. ताशी वीस किलोमीटरच्या वेगाला समोरून येणारा वारा असतोच किती? त्यामुळे पंख्याचा हा वारा घाटात फार मोलाचा असतो.

याला अर्थात वरची हद्द आहे. लाल पट्ट्यापर्यंत फेऱ्या नेल्या तर इंजिनाच्या आतलं घर्षणच ताकद खाऊ लागतं आणि गव्हर्नर डिझेल तोडतो. इंजिन जिथे सर्वाधिक ताकद देतं त्याच्या थोडं खाली ते फिरत ठेवावं. गिअर चढाच्या तोंडाशीच पडलेला असावा. ५५ टनांचा वेग एकदा घाटाच्या मध्यावर मोडला की तो परत मिळवायला ताकद शिल्लक नसते.

पाण्याचा काटा गप्प का राहतो?

‘पण टेंपरेचरचा काटा तर बरोबर मध्यावर होता!’ टर्बो किंवा पिस्टन गेल्यावर गॅरेजमध्ये हे वाक्य वारंवार कानावर येतं, आणि ते खोटं नसतं. डॅशबोर्डवरचा काटा रेडिएटरच्या पाण्याचं तापमान दाखवतो. ते पाणी बरंच असतं, ते सतत फिरतं आणि थर्मोस्टॅट ते ८० ते ९५ अंशांत धरून ठेवतो. पाणी तापायला मिनिटं लागतात. धुराचं तापमान मात्र अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर पाच-दहा सेकंदांत दोनशे अंशांनी चढू शकतं.

ते मोजायचं तर थर्मोकपल लागतो. दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाशी जोडल्या आणि ते टोक तापवलं की तारांत सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो. जर्मन शास्त्रज्ञ सीबेकने हा परिणाम १८२१ मध्ये दाखवून दिला होता. इंजिनासाठी निकेलच्या मिश्रधातूंच्या तारा पेन्सिलीसारख्या पोलादी नळीत बसवतात आणि ती नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, टर्बोच्या आधी, आत शिरवतात. टर्बोतून जाताना धूर त्याचं चाक फिरवतो आणि पूर्ण भाराखाली शंभर-दीडशे अंशांनी थंड होतो. त्यामुळे टर्बोच्या पुढे लावलेला सेन्सर साडेपाचशे दाखवत असेल तर मागे मॅनिफोल्डमध्ये सातशे असू शकतात. कोणी आकडा सांगितला तर तो कुठे मोजला हे आधी विचारावं. मॅनिफोल्ड गाडीवर ठेवूनच त्याला भोक पाडू नये. लोखंडाचा एक कण आत पडला तरी टर्बोच्या पात्याचा तुकडा उडतो.

टर्बोच्या आधी सुमारे ७०० अंश ही सलग चालवायची वरची हद्द सर्वसाधारणपणे मानली जाते. क्षणभर काटा त्याच्या वर गेला तर चालतं, अर्धा तास गेला तर नाही. इंजिन बनवणाऱ्याने आकडा दिला असेल तर अर्थातच तोच धरावा.

सातशे अंशांत पिस्टन टिकतो कसा?

शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि पिस्टनचं सिलिकॉनमिश्रित अ‍ॅल्युमिनियम त्याच्याही आधी मऊ पडू लागतं. जळण्याच्या क्षणी सिलिंडरमधला वायू तर दोन हजार अंशांच्या आसपास असतो. तरी पिस्टन टिकतो, कारण तो सतत उष्णता बाहेर टाकत असतो. १८०० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला पंधरा वेळा जाळ होतो आणि प्रत्येक जाळानंतर लगेच ताजी हवा येते. पिस्टनच्या डोक्यावरची उष्णता रिंगांमधून लायनरला आणि लायनरकडून पाण्याला जाते. खालून ऑइलची बारीक धार पिस्टनच्या पोटावर सतत मारलेली असते. येणारी उष्णता या वाटांनी बाहेर जाते तोवर सगळं ठीक. ती जास्त येऊ लागली की पिस्टनची कड आधी मऊ होते, मग झिजते, मग तिथून वायू निसटू लागतो. हल्ली अनेक मोठ्या इंजिनांत पोलादी पिस्टन वापरतात, ते याला जास्त पुरून उरतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, मॅनिफोल्ड आणि टर्बोचं कवच यांना मात्र धुराच्या थेट वाटेवरच राहावं लागतं. चाचणी-कक्षात इंजिन पूर्ण भारावर चालवतात तेव्हा हे ओतीव लोखंडी कवच उघड्या डोळ्यांना लालभडक दिसतं. ते तापतं, निवतं, पुन्हा तापतं आणि शेवटी त्याला बारीक तडे जातात.

मे महिना, उंची आणि क्रशरची धूळ

हवा गरम झाली की विरळ होते. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४० अंशांची हवा सुमारे आठ टक्के हलकी असते. लोणावळ्याच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबापेक्षा सात टक्क्यांनी कमी असतो. टर्बो जास्त वेगाने फिरून ही तूट भरून काढतो, पण त्याच्या ताकदीलाही सीमा आहे. म्हणून मे महिन्याच्या दुपारी घाट चढणं आणि जुलैच्या पावसात चढणं इंजिनासाठी वेगळं असतं. ज्याला वेळ निवडता येते त्याने उन्हाळ्यात पहाटे चढावं.

दाबली की हवा तापते. टर्बोतून निघालेली हवा दीडशे अंशांच्या आसपास असू शकते. ती इंजिनात जाण्याआधी इंटरकूलर तिला गार करतो. आत जाणारी हवा जितक्या अंशांनी जास्त तापलेली, साधारण तितक्याच अंशांनी किंवा थोडा जास्तच धूरही तापतो. इंटरकूलर बहुतेक वेळा रेडिएटरच्या पुढे असतो, म्हणून सगळा चिखल, चिलटं आणि धूळ त्याच्या वाट्याला येतात. मावळात खाणी आणि खडीचे क्रशर बरेच आहेत. त्या रस्त्यांवर रोज चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर उघडून पाहा. बाहेरच्या घड्यांवर राखाडी पिठासारखा थर असतो, तो बोटाने ओढला की खाली कागदाचा मूळ रंग दिसतो. तेवढा थर टर्बोचा श्वास अडवायला पुरतो. फिल्टरच्या डब्यावर छोटी पारदर्शक डबी असते. तिच्यात लाल पट्टी वर आली म्हणजे फिल्टर गुदमरला आहे.

रबरी होजचे जोडही तपासावेत. जोडाभोवती ऑइलचा ओलसर, धूळ चिकटलेला डाग दिसला तर तिथून दाबलेली हवा निसटते आहे. साबणाचं पाणी लावून इंजिन चालवलं तर कधी बुडबुडेही दिसतात. माझ्या मते ताकद वाढवायला पैसे खर्च करण्याआधी प्रत्येकाने हा अर्धा तास द्यावा. ‘गाडी पिकअप घेत नाही’ या तक्रारीचं मूळ कितीदा तरी इथेच सापडतं.

पंप वाढवला, चिप बसवली

जुन्या गाड्यांत पंपवाला डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून जास्तीत जास्त डिझेलची सीमा वाढवायचा. आता तेच काम संगणकाच्या आज्ञावलीत, रिमॅप करून होतं. दोन्हींचा गाभा एकच: दर फेरीला जास्त डिझेल. कंपनीने ठेवलेली सीमा उगाच नसते. टर्बोचा दाब जेवढा, तेवढंच डिझेल सोडायची व्यवस्था त्यात असते. ती सैल केली की हवा तीच राहते आणि जाळ वाढतो.

विनाटर्बो ट्रॅक्टरमध्ये तर हे आणखी उघड दिसतं. हंगामात कासारसाईच्या संत तुकाराम कारखान्याकडे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पाहा. टर्बो नसलेल्या इंजिनात ओढली जाणारी हवा ठरलेली असते. तिथे पंप वाढवला तर एका मर्यादेनंतर ताकद वाढत नाही, फक्त काळा धूर आणि उष्णता वाढते.

जास्त डिझेल फवारायला वेळही जास्त लागतो. पिस्टन खाली निघून गेल्यावरही फवारा चालू राहिला तर ते डिझेल उशिरा जळतं. त्याची उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी थेट धुरात जाते. यावर उपाय म्हणून काही जण फवारा लवकर सुरू करतात. त्याने धुराचं तापमान उतरतं खरं, पण सिलिंडरमधला दाब वाढतो आणि हेड गॅस्केट व रिंगांवर संकट येतं. म्हणजे तापमानाचा आकडा उतरला एवढ्यावर समाधान मानता येत नाही.

माझं म्हणणं स्पष्ट आहे: रिकाम्या गाडीवर, सपाट रस्त्यावर, पाच-दहा मिनिटांच्या फेरीत जमवलेलं ट्यूनिंग घेऊन मागे ट्रेलर लावू नये. ट्यूनिंग करणाऱ्याने भरलेल्या गाडीवर, सलग चढावर, टर्बोच्या आधी तापमान मोजून दाखवायला हवं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नोंदवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे बदल गाडीत मनमानीने करता येत नाहीत. वॉरंटी आणि विमा यांचे प्रश्न त्याला जोडूनच येतात.

---
चौकट: चढावर धुराच्या तापमानाचा काटा चढू लागला तर

• आधी गिअर उतरवा आणि फेऱ्या वाढू द्या. तेवढ्याने भागलं नाही तर अ‍ॅक्सिलरेटर थोडा सोडा. वेग ताशी तीन-चार किलोमीटरने कमी झाला तरी तापमान बरंच उतरतं.

• डावी लेन धरा. मागच्याच्या हॉर्नसाठी जोर लावू नका.

• अचानक काळा धूर, शिट्टीसारखा आवाज आणि ताकद गेली, तर होज सुटल्याची शक्यता मोठी. सुरक्षित जागा मिळताच थांबा.

• काटा हद्दीच्या वर असताना इंजिन एकदम बंद करू नका.
---

माथ्यावर पोचल्यावर

खंडाळ्याला चढ संपतो आणि चहाची आठवण येते. इथे टर्बोचा विचार करायला हवा. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये टर्बोचं पेटंट घेतलं. त्याच्या कल्पनेतलं चाक आज मिनिटाला लाखाच्या आसपास फेऱ्या घेतं. त्याचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. एका टोकाला लाल तापलेलं कवच आणि मध्ये हे ऑइल. घाट चढून आल्या आल्या किल्ली फिरवून इंजिन बंद केलं की ऑइलचा प्रवाह थांबतो, पण कवचातली उष्णता बेअरिंगकडे सरकतच राहते. तिथे अडकलेलं ऑइल जळून त्याचा कडक कोळसा होतो. पुढच्या वेळी तोच कोळसा ऑइलची वाट अडवतो आणि दांडा सुका घासू लागतो. म्हणून दोन ते पाच मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवावं. लोणावळ्यापर्यंत हलक्या पायाने गेलात तर तेही तेवढंच उपयोगी. या सौम्य रस्त्यावर इंजिनाला जोर लागत नाही आणि ताजी हवा टर्बोला निववत जाते.

१ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांत धुराच्या वाटेवर काजळी पकडणारा फिल्टरही असतो. काजळी साठली की ती जाळून टाकण्यासाठी त्याला साडेपाचशे-सहाशे अंश तापवावं लागतं. घाटातल्या अर्ध्या तासाच्या भाराने हा फिल्टर बराचसा आपोआप साफ होतो, म्हणून लांबचे फेरे मारणाऱ्या गाड्यांपेक्षा गावातल्या गावात फिरणाऱ्यांना त्याचे दिवे जास्त छळतात. गाडी उभी करून काजळी जाळायला सुरुवात केली तर सायलेन्सरच्या तोंडाशी निघणारी हवा कागद पेटवू शकेल इतकी गरम असते. मार्च ते मे या काळात मावळातल्या माळांवर गवत वाळून कडकडीत झालेलं असतं. तेव्हा गाडी गवतावर न लावता डांबरावर किंवा मोकळ्या मुरमावर लावावी आणि काजळी जळून संपेपर्यंत तिच्या मागे कोणाला उभं राहू देऊ नये.